एक मोळी जास्त

पाथर्डी, फेब्रुवारीचा शेवट

प्रिय आरती,

तुझे तीन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. पहिल्याच मिनिटाला तू माझी समजूत घालायला लागली असतीस, आणि ती मला नको आहे. दिशा वाचली, हे आधी सांगते. पण कमरेखाली तिला काही जाणवत नाही. काल नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली आणि ही छताकडे बघत, ते कधी टोचणार याची वाट पाहत होती. पंधरा वर्षांची आहे गं.

विभागीय स्पर्धेत गोळाफेकीत तिसरी आलेली माझ्या शाळेतली नववीची पोर. तिचे खांदे बघून तूच म्हणाली होतीस, हिला वजनं उचलायला शिकव. त्यावरून आपलं पुन्हा जुंपलं. कॉलेजच्या होस्टेलपासून आपण याच गोष्टीवरून भांडतोय आणि एका ताटात जेवतोय. तुझं म्हणणं, या वयाला लोखंडी बार चालतो. पण आधी रिकामी काठी, मग हलकं वजन, बाई समोर उभ्या, आणि मध्ये एक दिवस सुट्टी. माझं म्हणणं, आमच्या पोरी हंडे आणि गवताचे भारे वाहतच मोठ्या होतात, त्यांना बैठका आणि टेकडी पुरे. तुझे चकचकीत बार तुझ्या शहरातल्या पोरींना लखलाभ. तू कधी आवाज चढवला नाहीस. घरी जाऊन चार पानं लिहून पाठवायचीस. ती मी दोनदोनदा वाचायचे, हे मात्र तुला कधी कळू दिलं नाही.

दिवाळी झाली आणि तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले. या वर्षी पोरीला मागे वसतिगृहात ठेवायचं तिच्या वडिलांच्या, अंगदभाऊंच्या मनात होतं. शाळेत येऊन त्यांनी मला विचारलं, “बाई, तुमी म्हनाल तसं. ठिवू का नेऊ?” मी म्हणाले, न्या. चार महिने उसाच्या मोळ्या वाहील, तुमच्या पोरीला दुसरा व्यायाम नको. खरं कारण वेगळंच होतं. उन्हाळ्यातल्या निवड चाचणीत तिचा गोळा लांब पडला की मला तुझ्यासमोर मिरवायचं होतं. दिशाला मी सांगितलं, दर सोमवारी दिवसाच्या खेपांत एक मोळी वाढवायची. हे वाढवणं तुझ्याच पानांतून घेतलेलं. त्याच्या खालची सुट्टीची ओळ मी सोडून दिली. ऊसतोडीत कसली सुट्टी?

डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं असतं. त्या सोमवारी ट्रक भरत आला होता, बाया खाली टेकल्या होत्या, अंगदभाऊही बस म्हणाले. ती तरी आणखी एका मोळीसाठी एकटी परत वळली. फळी दवानं ओली होती. वरून मोळीसकट पाठीवर पडली. मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणते, “बाई, एकच कमी पडली हो.” मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी घाबरले.

तिच्या वडिलांना यातलं काही माहीत नाही. वाढवायचं मी सांगितलं होतं, हे तिनं त्यांना सांगितलेलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर ते मलाच धीर देतात, “तुमी लई केलं पोरीसाठी. आमचंच नशीब फुटकं.” तीनदा सांगायला गेले, तीनदा त्यांनी आणलेला चहा पिऊन परत आले. मला जमत नाही, आरती. म्हणून हे कागदावर लिहिलंय. अंगदभाऊंना वाचता येत नाही. रविवारी ये आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखव. तू मायाळू आहेस, मी ‘न्या’ म्हणाले तो भाग गाळायला बघशील. गाळू नकोस. मी तिथेच त्यांच्या शेजारी बसलेली असेन.

तुझीच,
जया