‘आणि’च्या आधी

प्रिय ठकू,

तुझी सर्दी गेली का? जावईबापूंची पाठ कशी आहे? विहीणबाईंचा गुडघा? नातोबांना दात आले की नुसतीच लाळ? मी ठणठणीत आहे. फक्त तीन महिने तुझा आवाज कानावर नाही, हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवू?

तुझ्या पुस्तकाची शेवटची प्रुफं छापखान्यानं सवयीनं माझ्याकडेच धाडली. सोमवारी दुपारी माणूस न्यायला येईल, मग थेट छपाई. चार दिवस झाले, लाल पेन हातात घेतो नि खाली ठेवतो. मागच्या खेपेला मी तुझ्या प्रत्येक यादीत शेवटच्या ‘आणि’आधी स्वल्पविराम घातला आणि तू छापखान्यात चारचौघांदेखत माझ्यावर कडाडलीस. ‘आणि’ असताना स्वल्पविराम म्हणजे कुलपावर दोरी, हे तुझं म्हणणं. माझं म्हणणं, बाकावर बाकीचे ऐसपैस बसलेत, मग शेवटच्या दोघांनीच मांडीला मांडी लावून का बसावं? सातवीत शाळा सुटलेला मी. हे कुणी शिकवलं नाही, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता मनाशी ठरवलं. लिहिणाऱ्यानं काय करावं यावर आपण तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून भांडतोय, पण अबोला कधी धरला नाहीस. मग एवढ्याशा शेपटीवरून पोर रुसेल कशी, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

आज सत्त्याऐंशीवं पान वाचलं, पेन न घेता. तुझी आई गेली त्या दुपारी आतल्या खोलीतून तिनं तीन हाका मारल्या. ‘एवढी ओळ संपवून आलोच’ म्हणत मी प्रुफावरून मान वर केली नाही. गेलो तेव्हा उशीर झाला होता. तू तिच्या दारात उभी होतीस, हे मला त्या पानानंच सांगितलं. मागच्या खेपेला मी वाचावं म्हणून तू ते जीव मुठीत धरून पाठवलंस आणि मी चार स्वल्पविराम घालून परत केलं. वाचलं नव्हतं असं नाही गं. वाचलं होतं, म्हणूनच स्वल्पविराम शोधत बसलो.

या वेळी तुझ्या याद्या तुझ्या मनासारख्याच ठेवल्यात. त्या पानालाही हात लावलेला नाही. त्यातलं अक्षरही खोटं नाही, तसंच छापू दे. मला एकच विचारायचंय, त्यासाठीच हे पत्र. तिसऱ्या हाकेनंतर ती काही बोलली का? पुस्तकात ते नाही. पुस्तकात घालूही नकोस. मला लिही. शिव्या घालायच्या तर त्याही घाल, पण लवकर लिही.

तुझाच,
बाबा