टोपीच्या बदल्यात पुस्तक

३ सप्टेंबर १९१७
पोहोचले. बेल्जियमच्या फ्लँडर्समधलं हे गाव आघाडीपासून जेमतेम आठ मैलांवर, तरी पाद्री हॅलम यांच्या विश्रामगृहात पियानो वाजतो आणि बागेत गुलाब आहेत. दारातच पाटी आहे: हुद्दा बाहेर ठेवून आत या. त्यामुळे कर्नल आणि खेचरं हाकणारा एकाच बाकावर चहा पितात. वाचनालय माझ्याकडे दिलंय. आमच्या विणकरांच्या घरातली मी पहिली पदवीधर. इथे त्या पदवीचं चीज होईल. धाकटा भाऊ वॉल्टर याच भागात लढतोय. तो धडधाकट घरी यावा, एवढंच मागणं.

५ सप्टेंबर
इथला नियम गमतीचा आहे. टोपी ठेवायची, पुस्तक न्यायचं. खंदकात लोखंडी टोप असतो, पण परतल्यावर शिपाई बोडका दिसला तर लष्करी पोलीस धरतात. म्हणून पुस्तक परत येतंच. टोप्या नावानिशी खुंट्यांवर. स्वयंपाकीण मीत्ये इथलीच. म्हणते, एवढं शिकून टोप्याच राखायच्या तर माझे बटाटे सोल, निदान पोटात तरी जातील.

९ सप्टेंबर
वॉल्टर आला! चार अंडी खाल्ली. म्हणाला, काय हो बी.ए. बाई, तुमच्या राज्यात सख्ख्या भावालाही टोपी काढावी लागते का? मी म्हटलं, नियम तो नियम. पक्ष्यांवरचं पुस्तक घेऊन गेला. उद्या त्याची तुकडी पुढे जाते.

१४ सप्टेंबर
चहाच्या वेळी कॉर्पोरल पास्क पुस्तक घेऊन आला. सगळं भिजलेलं. मी चांगलं सुनावलं, जनाची नाही तर पुस्तकाची तरी लाज बाळग. त्याने नुसता हात पुढे केला, मी टोपी दिली, तो गेला.

१५ सप्टेंबर
सकाळच्या प्रार्थनेत पाद्रीबुवांनी लढाईत पडलेल्यांची नावं वाचली. पास्क मंगळवारीच गेला होता. मी त्याला काल टोपी दिली. पुस्तक अजून ओलं आहे.

१७ सप्टेंबर
आणखी दोघे. भर उजेडात. मीत्येला दिसत नाहीत, पण तिला ठाऊक आहे; माझ्याआधीच्या बाईलाही दिसायचे. देऊन टाकत जा, म्हणाली. टोपी मिळाली की जातात बिचारे. नाही मिळाली तर ताटकळतात. पाद्रीबुवांना सांगितलं. ते म्हणाले, पोरी, जरा झोप घे.

१९ सप्टेंबर
आज अकरा. पुस्तक घेते, टोपी देते. भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही. येणाऱ्याचा चेहरा बघण्याआधी वॉल्टरची खुंटी बघते.

२१ सप्टेंबर
त्याचं पत्र नाही. पुढे तोफा. बटाटे सोलले.

२२ सप्टेंबर
वॉल्टर आला. दारात उभा. मी धावले, त्याचं नाव घेत. मीत्येने विचारलं, कुणाशी बोलतेस गं?
पुस्तकातून पाणी गळत होतं. त्याने हात पुढे केला.
टोपी दिली नाही.

२३ सप्टेंबर
तो टेबलापाशीच आहे. बसत नाही. बाकीचे त्याच्यामागे रांगेत. सकाळी नावं वाचली तेव्हा मी कान झाकून घेतले. मीत्ये म्हणते, कोण आहे ते मी विचारत नाही, पण छळू नकोस त्याला. भाऊ माझा आहे.

२४ सप्टेंबर
कुडकुडतोय. शाल घातली, ती खाली पडली—अंगातून—
थंडी वाजते का विचारलं. मान हलवली. हो.

२५ सप्टेंबर
टोपी मांडीवर आहे. त्याचे ओठ निळे. हात अजून पुढेच.
देते, म्हटलं त्याला. एवढं वाक्य पुरं करते, मग देते. तो लहानपणी थांबायचा तसा थांबलाय. वाक्य पुरं झालं नाही तर द्यावी लागणार नाही, म्हणून मी लिहिते की, आणि वॉल्टर, अजून थोडं, आणि मग मी, आणि