वुस्टरच्या उतारावर आई

१९ सप्टेंबर २००४
आईला येऊन आठवडा झाला. बाबा गेले तेव्हापासून ती रडलेली नाही. सगळ्यांना त्याचीच काळजी, म्हणून जरा बदल म्हणून धाडलं माझ्याकडे. नागपूरहून थेट अमेरिकेत, वुस्टरच्या या उतारावर. बंद पडलेली फॅक्टरी, फळ्या ठोकलेल्या खिडक्या, येता-जाता सायरन. पीएच.डी.च्या स्टायपेंडमध्ये हेच परवडतं. पलीकडच्या सधन श्रूजबरीतल्या, ओळखीच्या जोशीकाकू फोनवर, "अगं, आईला तिथे ठेवलंस?"
मी लॅबमध्ये. ती दिवसभर खिडकीशी.

३ ऑक्टो.
घरी आले तर आई खाली पोर्चवर. ती ओटाच म्हणते. शेजारी कार्मेन. खालच्या मजल्यावरची, पोर्तो रिकोची, आईच्याच वयाची. नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. ही वऱ्हाडीत, ती स्पॅनिशमध्ये. एकीचं दुसरीला अक्षर कळत नाही, पण गप्पा चालूच. कार्मेन इथे झाडून सगळ्या बायकांना त्यांच्या भाषेत लाडाने 'मामी' म्हणते. आई खूश. "किती रीतीची बाई आहे. मामी म्हणते मला."

१० ऑक्टो.
कार्मेनने ताट भरून भात पाठवला. आईने वास घेतला, एक दाणा चिमटीत दाबला. "हे तर तुरीचे सोले." खरंच की. त्यांच्याकडेही सणावाराला सोलेभात करतात. त्यात हॅम असतं, आईसाठी वगळलं होतं. आईने पुन्हा वाढून घेतलं. किती महिन्यांनी.

३१ ऑक्टो.
आईबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिला सगळे ओळखतात, मला कुणीच नाही. दोन वर्षं मान खाली घालून गाडी गाठतेय मी. ड्वेन, सलूनवाला, आतूनच हात करतो. व्हिएतनामी दुकानातली बाई तिच्यासाठी कोथिंबिरीची जुडी बाजूला काढून ठेवते. लॉन्ड्रीत कुणीतरी खुर्ची सरकवतं. स्वेटर न घालता निघाली तर चारी बाजूंनी ओरडतात तिला. गरीब वस्ती, खरंय. पण इथे कुणी कुणाला एकटं…

१४ नोव्हें.
गाडीची काच फोडली. रेडिओ गेला. पोलीस येऊन लिहून घेऊन गेले. ड्वेनने येऊन खिडकीला प्लास्टिक लावून दिलं, वर म्हणाला, "सॉरी अबाउट धिस." त्याने का सॉरी म्हणावं?
तरी आता बास. काकूंचं बेसमेंट रिकामं आहे. मला काय, पण आईला काही झालं तर.

२१ नोव्हें.
वीकेंड काकूंकडे. उबदार, स्वच्छ, सुंदर घर. काकूही मायेच्या. परत येताना गाडीत आई म्हणाली, "घर चांगलंय. पण मी फिरायला गेले तर रस्त्यावर माणूसच नाही गं. बोलू कोणाशी?"
जानेवारीत शिफ्ट होऊ, म्हटलं मी.

१६ डिसें.
आई पडली. जिन्यावर बर्फ होता. माझा फोन लॉकरमध्ये, मला दुपारी कळलं. धावत इमर्जन्सीत. ड्वेनने तिला उचलून स्वतःच्या गाडीतून नेलं होतं. अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून. ते गिऱ्हाईकही सोबत गेलं, दारं उघडायला. तसंच अर्ध्या डोक्याने बसलं होतं तिथे. कार्मेन रात्रपाळीवरून तशीच आलेली, डोळे लाल, आईचा धड हात धरून. नर्स मला म्हणाली, "हर सिस्टर वोन्ट लीव्ह."
मनगट मोडलंय.

१९ डिसें.
प्लास्टरमुळे आईला वेणी घालता येत नाही. मी घातलेली सुटते. आज आले तर कार्मेन मागे बसून तिची वेणी घालत होती, आणि आई रडत होती. मोठ्याने. बाबांना काय काय विचारत होती. कार्मेनचे हात थांबले नाहीत. "सी, मामी, सी," हो, मामी, हो, एवढंच म्हणत होती.
मी आत गेले नाही. गाडीत जाऊन बसले. मग मीही.

९ जाने. २००५
काकूंना कळवलं, येत नाही. रागावल्या नाहीत. "बेसमेंट कुठे पळून जात नाही," म्हणाल्या.

२३ जाने.
घरमालकाने घर विकलं. मार्चअखेर सगळ्यांनी बाहेर. कार्मेनची मुलं याच घरात वाढली. वाटलं, खचेल. म्हणाली, "वी फाइंड."
आईचं परतीचं तिकीटही मार्चचंच.

५ फेब्रु.
काकूंचा पुन्हा फोन. "आता तरी ये." आईला म्हटलं, तू गेल्यावर माझ्या एकटीसाठी तेच बरं. ती म्हणाली, "तारीख पुढे ढकलता येते म्हणे तिकिटाची. कार्मेनच्या मुलीने सांगितलं." एवढं तिला कोणत्या भाषेत कळलं, देव जाणे.

६ फेब्रु.
दुपारी आले तर दोघी नाहीत. खाली कुलूप, वर कुलूप. ड्वेन म्हणाला, घर बघायला गेल्यात. दोन गल्ल्या पलीकडे, वरचा-खालचा मजला रिकामा आहे. मला कुणी विचारलंही नाही.
काकूंना संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय. बाहेर बर्फ भुरभुरतोय. तिघींच्या चहाचं आधण ठेवलंय, दोघी अजून आल्या नाहीत.