‘दार’ म्हणजे देणं

ब्रागा, पोर्तुगाल
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांना अंतराचा शि. सा. न. वि. वि.

इथल्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांना भरवता भरवता मी पोर्तुगीज शिकतेय. यांच्यात ‘दार’ म्हणजे देणं, आणि हे लोक काहीही देतात. आपण चक्कर मारतो, हे चक्कर देतात. बाळंत होणं म्हणजे ‘उजेडाला देणं’. शब्द मात्र आपल्यासारखाच देतात, आणि कानही.

मग तुम्हीच मला कान का देत नाही? चार महिने झाले, फोन केला की ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देता. डोंबिवलीला सुदेशदादाला विचारलं, तर तोही विषय टाळतो. आई गेली आणि वर्षाच्या आत मी इकडे आले, त्याचा राग आहे का? असला तर पत्रातून रागवा, पण लिहा.

तुमच्या दोन ओळींची वाट बघणारी,
अंतरा

बाळकुम, ठाणे
२ नोव्हेंबर २०२४

चि. अंतरास अनेक आशीर्वाद.

राग कसला, बाळ? मला ऐकू येत नाही. उन्हाळ्यापासून दोन्ही कान गेल्यात जमा आहेत. तुझा आवाज यायचा, पण शब्द लागायचे नाहीत, म्हणून ‘बरं, बरं’. एकदा तर तू हसतेयस की रडतेयस तेच कळेना. सुदेशला मीच शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर नोकरी टाकून आली असतीस.

तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तराला तुझं ‘उजेडाला देणं’ फार आवडलं. अजून पाठव. आज पाडवा. ओवाळायला तू नाहीस, म्हणून पाट मांडला नाही.

जिवाला जप. माया आहेच.
बाबा

ब्रागा
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना शि. सा. न.

पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसून रडले. किती लपवलंत!

नवा वाक्प्रचार घ्या. कुणी जागेवर नाही हे जाणवलं की ‘दार पेला फाल्ता’ म्हणतात; ‘फाल्ता’ म्हणजे उणीव. शब्दशः अर्थ लागत नाही. पण परवा जेवताना अमेलियाआजी मैत्रिणीच्या रिकाम्या खुर्चीकडे सारख्या बघत होत्या, तेव्हा मला तो लागला.

डॉक्टरांकडे जाऊन कान दाखवा, यंत्र लावायला लाजू नका. माझं छान चाललंय. मैत्रिणी आहेत, मार्चनंतर नोकरीत कायम करणार आहेत. काळजी नसावी.

तुमची,
अंतरा

बाळकुम
२ जानेवारी २०२५

चि. अंतरास आशीर्वाद.

सुदेशने नेलं, यंत्र बसलं. पहिल्या दिवशी पंखा, कुकर, शेजारच्या सगुणाबाईंच्या बांगड्या, सगळं एकदम अंगावर आलं.

रविवारी तू वीस मिनिटं थंडीबद्दल आणि बटाट्याच्या सूपबद्दल बोललीस. शब्द न् शब्द ऐकू आला. मधे दोनदा थांबून आवंढा गिळलास, तोही. तू सुखात नाहीस, अंतरा. मी माझं लपवलं, तू तुझं. मुलीच्या वाटेत बापाने येऊ नये, म्हणून दोन वर्षांत एकदाही ‘ये’ म्हटलं नाही. आज म्हणतो. मार्चपर्यंतचं काम पुरं कर आणि घरी ये.

तुझे,
बाबा

ब्रागा
१९ जानेवारी २०२५

ती. बाबांना शि. सा. न.

अठ्ठावीस मार्चचं तिकीट काढलं. कायमच्या नोकरीला नाही म्हणून सांगितलं, तेव्हा आश्रमाच्या बाईंनी कारण विचारलं. दोन वर्षं घोकलेलं पोर्तुगीज त्या वेळी एक अक्षर आठवेना. शेवटी मराठीतच म्हटलं, बाबांनी बोलावलंय.

अंतरा