खर्जातली थरथर

साखर पेठ, सोलापूर
१४ नोव्हेंबर १९७६

प्रिय बसलिंगप्पा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. मी अजून त्याच कॉलेजात आहे, त्याच प्रयोगशाळेत मुलांना प्रयोग करून दाखवते. फक्त तुझ्या टेबलाशी आता दुसरं कुणी बसतं. पत्राला निमित्त म्हणून एक बातमी आहे: आपलं स्पीकरचं खोकं थरथरायचं थांबलं.

मोडीत निघालेला टॉकीजमधला बारा इंची स्पीकर आणि चहाच्या पेट्यांचं प्लायवूड. किती हौसेनं केलं होतं आपण! पण खर्जाचा सूर लागला की सूर कमी आणि लाकूडच जास्त ऐकू यायचं. तरी ते टांग्यात घालून तू आमच्याकडे आलास. तबलजी दादांना डग्ग्याची घुमक ऐकवायची आणि त्याच बैठकीत त्यांच्या लेकीला मागणी घालायची, असं आपलं ठरलं होतं. अर्धी रेकॉर्ड होते न होते तोच दादा म्हणाले, हा डग्गा नव्हे, रॉकेलचा डबा आहे. तरीही तू विचारलंस. ते नाही म्हणाले. जातीचा शब्द कुणी काढला नाही, काढायची गरजही नव्हती. तू जिना उतरून गेलास तेव्हा मी स्वयंपाकघरात धुतलेली भांडी पुन्हा धूत होते.

दोन महिन्यांनी धारवाडहून तुझं पत्र आलं. चारही पानांत नुसती सुतारकी! पाठीमागची फळी सर्वांत जास्त हलते, ती दुहेरी कर. पुढची आणि मागची फळी आतून आडव्या दांडीनं बांध, पण दांडी बरोबर मध्यावर नको, थोडी बाजूला. सांध्यांना सरस लाव आणि चार-चार बोटांवर स्क्रू मार. आणि शेवटी एकच ओळ होती, 'खोकं दुरुस्त झालं तर कळव.' पुन्हा येऊन विचारू का, हेच तू विचारतो आहेस, ते मला कळलं होतं. मी पत्र घडी करून लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तकात ठेवलं आणि उत्तर पाठवलं नाही.

या मार्चमध्ये दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, तबल्याचा हात गेला. डावा राहिला. तो हात दिवसभर गादीवर डग्ग्याचे बोल वाजवत असायचा, आवाज न होता. माझ्याच्यानं ते बघवेना. माळ्यावरून खोकं काढलं, महिपती सुताराकडून फळ्या आणि दांड्या कापून घेतल्या आणि तुझी चार पानं समोर ठेवून एकटीनं जोडलं. आतून जुन्या घोंगडीचे तुकडे लावले, ती भर माझी. तरी थरथर पाहायला वर ठेवलेल्या वाटीतलं पाणी हलतच होतं. आठ दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांनी आमची जमीनच हादरते. मागांच्या सुट्टीच्या दिवशी पाहिलं, तर एका बाजूची फळी थोडी हलत होती. तिथं आणखी एक दांडी टाकली. मग पाणी स्थिर राहिलं. आनंदानं मागं वळून पाहिलं, तर खोलीत सांगायला कुणी नव्हतं.

दुपारी दादांजवळ नेऊन रेकॉर्ड लावली. डग्गा असा स्वच्छ आला, की त्यांचा डावा हात गादीवरच थांबला. या वेळी त्यांनी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली. मग जड जिभेनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी तुझं नाव सांगितलं.

"त्याचं नंतर पत्र नाही आलं का गं?" ते म्हणाले. "मी महिन्याभरातच वाट पाहायला लागलो होतो. पुन्हा विचारलं असतं, तर हो म्हणणार होतो."

तुझी पानं माझ्या हातात होती. मी म्हणाले, "नाही आलं, दादा."

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी दादा गेले. भेटायला आलेल्यांत तुझी बहीण चंद्रव्वा होती. तुझ्या दोन मुलींचं तिनं कौतुकानं सांगितलं, आणि मी बरी आहे ना हे तीनदा विचारलं. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, अण्णा अजून तुमच्या वडिलांवर रागावून हाय, त्यांचं नाव निघालं की जेवण सोडून उठतो. मी तुझ्या मुलींसाठी म्हणून तिच्या हातावर साखर ठेवली आणि गप्प बसले. तेव्हापासून झोप नाही.

म्हणून हे लिहिते आहे. दादांचा नकार दोन महिनेसुद्धा टिकला नाही. सात वर्षं टिकलं ते माझं गप्प बसणं. परका गाव, परकी भाषा, हातची नोकरी, मागं एकटे राहणारे दादा, या सगळ्याची मला भीती वाटली, आणि वडील नाही म्हणाले हे सांगणं फार सोपं होतं. तुला तेच वाटू दिलं. त्यांना शेवटी विचारावं लागलं, तेव्हाही मी खोटंच बोलले. आता त्यांची बाजू मांडणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. राग धरायचा असेल तर माझ्यावर धर. पण ताटावरून उठू नकोस रे, मुली बघत असतील. उत्तर पाठवू नकोस.

तेव्हा सांगायचं राहिलं, तुझीच होते,
अनसूया