नाव भरायचं राहिलंय

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि मस्त गेला! बदलापूरहून स्कूटीने अंबरनाथच्या एमआयडीसीत पोचायला पंचवीस मिनिटं. कारखाना रसायनांचा. मला बसायला पहिल्या मजल्यावरची रेकॉर्ड रूम दिली आहे. दाराला काच, एसी थंडगार. सुरक्षा विभागात आम्ही तिघंच: मॅनेजर उन्मेष सर, बारा वर्षं इथे असलेल्या माधवीताई आणि मी. ताई उल्हासनगर कॅम्प चारला राहतात. येताना माझ्यासाठी दाल-पकवान घेऊन आल्या होत्या.

रोज मुख्य ऑफिसला तपासणीचे रिपोर्ट मेलने जातात. ताई एकेक फाइल जोडतात, मेल जड होतो आणि परत येतो. म्हणून मला मेलमध्ये एक ॲड-इन, म्हणजे जोडीचं छोटं सॉफ्टवेअर, बसवायचं आहे. बटण दाबलं की सर्व्हरवर त्या दिवसाच्या फाइल शोधायच्या आणि त्यांच्या लिंक ड्राफ्टमध्ये टाकायच्या. ‘नेत्रा, हे झालं तर माझा रोज एक तास वाचेल गं,’ ताई म्हणाल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! निळं बटण. काल लिंकऐवजी नुसता लांबलचक पत्ता उमटत होता, आज फाइलचं नाव दिसतं आणि कर्सर असेल तिथेच येतं. ताईंनी हौसेने चार वेळा दाबून पाहिलं. सरांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. जुन्या फोल्डरला हात लावायचा नाही, एवढंच बजावून गेले. हात लावायची गरजच नाही. कोड फक्त आजच्या तारखेच्या फाइल उचलतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट सात होते, लिंक आठ आल्या. आठवी फाइल अपघाताचा फॉर्म. नाव: किसन भोईर. जागा: टाकी क्रमांक तीन. तारीख उद्याची, वेळ सकाळी ११.४०. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. फाइल बनलेली दोन वर्षांपूर्वी, जुन्या फोल्डरमध्ये.

सरांना दाखवलं. ते ओरडले नाहीत. नोकरीला जेमतेम आठवडा झाला आणि खोटे फॉर्म बनवतेस, असं अगदी हळू म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

खाली गोडाऊनमध्ये जाऊन किसनदादांना सांगितलं. ते हसले. ‘मी गोडाऊनचा माणूस. टाकीवर मना कोण पाठवतंय?’

११ नोव्हेंबर, मंगळवार

टाकीवरचा माणूस आला नाही. सरांनी किसनदादांना पाठवलं.

कळलं तेव्हा ११.३५ झाले होते. धावत गेले. हेल्मेट नाही म्हणून वॉचमनने गेटवर अडवलं. मी त्याच्याशी भांडत असतानाच आतून आवाज आला. माणसाचा नाही, पत्र्याचा. मग सगळे धावले. किसनदादा जागीच गेले.

संध्याकाळी सरांनी तोच फॉर्म मुख्य ऑफिसला पाठवला. एक अक्षर बदलावं लागलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ताईंनी रडत रडत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एक कामगार गेला, तेव्हा चौकशीत सर अडकता अडकता वाचले. त्यानंतर त्यांनी ताईंकडून अपघाताचे फॉर्म आधीच भरून घेतले. दोष कामगाराचा, हे ठरलेलं. नाव, जागा, दिवस, वेळ रिकामं. ‘दहा फॉर्म मी भरले, नेत्रा. पण नावं मी नाही घातली. शप्पथ, नावं मी नाही घातली.’

ॲड-इन काढून टाकलं. जुनं फोल्डर आम्ही दोघींनी मिळून पुसलं. उद्या येऊ नका, असं ताईंना तीनदा सांगितलं. राजीनामा देऊन लगेच निघते, म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवा मेल उघडला. बटण नव्हतंच. तरी कोऱ्या ड्राफ्टमध्ये एक लिंक उमटली.

नाव: माधवी. जागा: जिना. वेळ १०.१५.

घड्याळात १०.१४. बाहेर धावले. ताई जिना चढत होत्या, हातात राजीनाम्याचा लिफाफा. मी किंचाळले, ‘ताई, थांबा!’

त्यांनी दचकून वर पाहिलं. पाय निसटला. ताई परत उठल्या नाहीत.

माझ्या हाकेने. फॉर्मवर कारण होतं: दचकून तोल गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पोलीस आले होते. मी ताईंवर ओरडले हे सरांनी सांगितलं. खरंच आहे ते. पुसलेल्या फोल्डरमधल्या फाइल परत आल्या आहेत, आणि बनवणाऱ्याच्या जागी आता माझं नाव दिसतं. कँटीनमध्ये मी बसले तशी टेबलावरची माणसं उठली.

उद्या फक्त तेवढ्या फाइल कॉपी करायच्या. पुरावा हवा. मग परत तिथे पाय ठेवणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

१०.५० — फोन गेटवर काढून घेतला. ही वही तेवढी पर्समध्ये राहिली. ड्राफ्ट उघडला, लिंक आली. जागा: रेकॉर्ड रूम. वेळ ११.२०. कारण: कामगाराच्या चुकीने वायुगळती. नाव — रिकामं.

सर मागे उभे होते, कधीचे कोण जाणे. त्यांनी पूर्ण वाचलं. घाबरले नाहीत. ‘बनूबाईचं टाक. ती अकराला फरशी पुसायला येते. तिच्या मागे रडायला कोणी नाही.’

मी नाही म्हटलं.

‘मग कोणाचं टाकतेस?’

कोणाचंच नाही, म्हटलं. ते हसले आणि गेले.

११.०५ — बनूबाई बादली घेऊन आली. तिला परत ढकललं. ‘पोरी, तोंड असा पांढरा का पडलाय तुझा?’ घरी जा म्हटलं, आत्ता जा. गेली. जिना उतरल्याचा आवाज ऐकला. गेली ती. फाइल कॉपी होतायत, संपल्या की मीही निघते.

११.१२ — पर्स घेतली. दार उघडत नाही. बाहेरून कडी. काचेतून सर दिसतायत, त्यांच्या टेबलाशी. लॅपटॉप उघडा.

११.१५ — फॉर्म माझ्याही स्क्रीनवर उघडा आहे. मला टाइप करता येत नाही — नुसतं वाचता येतंय. नावाच्या रकान्यात दुसरा कर्सर. त्यावर लिहिलंय — उन्मेष

११.१८ — एसीतून वास. डोळे चुरचुरतायत. खुर्ची मारली काचेवर — फुटत नाही — ते मान वर करत नाहीत —

न

मात्रा आली. ने

बनूबाईचं नाही. बरं झालं. ते तरी नाही —

नेत्

एक अक्षर — अजून एकच — सर इकडे बघतायत, बोट तसंच