डोंगराच्या अलीकडे

२३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र तू न वाचता फाडणार नाहीस एवढी खात्री आहे. वर्गात पकडलेल्या चिठ्ठ्यासुद्धा तू आधी वाचतेस आणि मग जप्त करतेस.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिने टाळायला सांग त्यांना. इथे माझं बरं चाललंय. ऑफिस तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर गेलं. लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असते, तेवढाच व्यायाम. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून सरकारी इस्पितळाची मागची बाजू दिसते: धुलाईघर, त्याची चिमणी आणि दोरीवर चादरीच चादरी.

आपल्या गावातल्या पाऊस-विम्याचा माझा अभ्यास छापून आला. पुढच्या महिन्यात त्यावर परदेशात भाषण द्यायचं होतं. तिथे काय सांगणार होते ते तुला थोडक्यात सांगते. विमा असला की गरीब शेतकरी जीव मुठीत धरून पेरत नाही. एरवी तो ज्वारीवर भागवतो, कारण ज्वारी कमी पाण्यावरही काहीतरी पदरात टाकते. विमा मिळाला की तो तिळासारखं पीक लावतो. साधलं तर दुप्पट, नाही तर शून्य. आमच्या तक्त्यात ते शून्य विम्यातून भरून निघतं, म्हणून पीक बदलणं म्हणजे यश. दर शंभरातल्या एकतीस घरांनी पीक बदललं. तो आकडा मी भाषणात दाखवणार होते.

पीक बदललेल्यांतलं एक घर क्रमांक ११७. म्हणजे आपल्या उंचकाकू.

तुझ्या वर्गातली ती दुपार मला रोज आठवते. बायका मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि एकमेकींकडे बघून हसत होत्या. मी फळ्यावर पाऊस मोजायच्या नळीचं चित्र काढलं. म्हटलं, सोपं आहे. शेत बघायला कुणी येणार नाही, पंचनामा नाही, कुणाच्या हातापाया पडणं नाही. हवामान केंद्रावरच्या नळीत ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पाऊस भरला की सगळ्यांना पैसे.

उंचकाकू मागून म्हणाल्या, "आणि केंद्र कुठंय?"

"जवळच आहे," मी म्हणाले.

तू माझ्याकडे बघितलंस. मग काकूंनी तुलाच विचारलं, "बाई, काय करू? घेऊ?" आणि तू म्हणालीस, "माझ्या बहिणीनं केलंय ते." त्यावर कुणी काही विचारलं नाही. सह्यांचा कागद बाकांवरून फिरला.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. डोंगराच्या पलीकडे केंद्रावर तीन मोठे पाऊस पडले, नळी भरली. अलीकडे तीळ वीतभर वाढला आणि जागच्या जागी वाळला. कागदाप्रमाणे पाऊस भरपूर झाला होता, त्यामुळे कुणालाच काही मिळालं नाही. बायका तुझ्या दारावरून मान फिरवून जातात हे भाऊजींनी सांगितलं. तू एकदाही बोलली नाहीस. फक्त फोन घेणं बंद केलंस.

काकूंचं मला आधी आमच्या तक्त्यातून कळलं. सर्वेक्षणाच्या दुसऱ्या, हंगामानंतरच्या फेरीत त्यांच्या ओळीपुढे लिहिलं होतं: "घर बंद. वगळले." घराला कुलूप असेल तर ती ओळ काढून टाकायची, हा नियम माझाच. मी ते वाचलं आणि पान उलटलं. बैलजोडी विकून त्या गेल्याचं भाऊजींकडून कळलं ते नंतर. कुठे गेल्या, तेही. माझ्या खिडकीखालच्या त्या धुलाईघरात. सहा महिने मी त्यांनी वाळत घातलेल्या चादरी बघत होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गेले. तिथलं छत खाली आहे, वाफेचे नळ आडवे गेलेत. त्यांना मान वाकवूनच उभं राहावं लागतं. सोड्याने बोटं पांढरी पडलीत. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"अगं, तू? तिथं नको उभी राहू, ओलं आहे. बाई कशा आहेत?"

बरी आहे म्हटलं.

"गावातल्या बायकांना सांग, बाईंना बोल लावू नका म्हणावं. त्या आमच्या भल्यासाठीच बोलल्या." मग हात पदराला पुसत म्हणाल्या, "एक विचारते हं. राग नाही. तीळ मी माझ्या मनानं लावला, कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण असं होऊ शकतं, हे तुला ठाऊक होतं का?"

मी म्हणाले, "नाही काकू. असं कुणालाच वाटलं नव्हतं."

"मग ठीक. मग कुणाचा दोष नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२७ नोव्हेंबर

ताई, चार दिवस हे पत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं. वरचं सगळं खरं आहे, पण मी जे लिहायला बसले होते ते त्यात नाही.

मला ठाऊक होतं.

केंद्र जवळ नव्हतं. अठरा किलोमीटरवर होतं, डोंगराच्या पलीकडे, आणि पलीकडचा पाऊस अलीकडे येत नाही हे शिकायला मला कॉलेजात जावं लागलं नव्हतं. आपण दोघी ओट्यावर बसून पलीकडचे काळे ढग बघायचो. शिवाय आमच्या आकडेवाल्या सहकाऱ्याने जुन्या नोंदी तपासून मला स्पष्ट सांगितलं होतं, "पाच वर्षांतून एकदा ही नळी तुमच्या गावाशी खोटं बोलेल." अलीकडे दुसरी नळी बसवायची तर एक हंगाम थांबावं लागलं असतं आणि तोवर अभ्यासाचं अनुदान संपलं असतं. मी थांबले नाही. त्याचं वाक्य मी अभ्यासाच्या शेवटी पुरवणीत टाकलं, पान एक्केचाळीस, बारीक अक्षरात. छापलं आहे म्हणजे लपवलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

आणि त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुलाही अंतर माहीत होतं. हिने त्याचा विचार केलाच असेल, असं समजून तू गप्प राहिलीस. माझ्या "जवळच"ला तुझा शब्द जामीन राहिला.

काल पुन्हा धुलाईघरात गेले. उभ्याउभ्याच सांगितलं: काकू, सोमवारी खोटं बोलले. पाच वर्षांतून एकदा ती नळी फसवणार, हे मला ठाऊक होतं.

 समोर वाळलेल्या चादरींचा ढीग होता. एक चादर उचलून त्या म्हणाल्या, "ते टोक धर." आम्ही घड्या घालत राहिलो. सात-आठ चादरी झाल्यावर त्या बोलल्या.

"तू हे त्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी अर्ध्यात तीळ लावला असता, अर्ध्यात ज्वारी. विमा घेतलाही असता कदाचित. शिकले नाही मी, पण पाचातून एकदा म्हणजे काय ते कळतं. जन्मभर तेच करत आले."

 बारा वर्षं मी गरिबी आणि जोखीम या विषयावर लिहितेय. गरीब माणूस जोखीम का घेत नाही, हे मी पानंच्या पानं मांडलंय. त्याला जोखीम नीट सांगावी, मग तो त्याचं बघून घेईल, एवढं माझ्या एकाही पानावर नाही.

निघताना मी त्यांना गावी परत यायचं विचारलं. "बैल नाहीत आता," एवढंच म्हणाल्या. वर बघितलं नाही.

भाषण मी रद्द केलं. अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाला कळवलं की वगळलेल्या ओळी परत घालून आकडे नव्याने मांडायचे आहेत आणि पुरवणीतलं ते वाक्य पहिल्या पानावर घ्यायचं आहे. आमचे संचालक म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचं काम बुडवताय." बुडेल कदाचित. विमा कंपनी पुढच्या हंगामाआधी अलीकडे नळी बसवायला लेखी तयार झाली आहे. गेल्या वर्षाचे पैसे मात्र कंपनी देणार नाही, मी तीन वेळा भांडून आले.

मी सहा तारखेला गावी येतेय. त्या सगळ्या बायकांना वर्गात बोलावशील? येणार नाहीत त्यांच्या दारी मी जाईन. पान एक्केचाळीस वाचून दाखवणार आहे, आपल्या भाषेत. त्या काय म्हणायचं ते म्हणतील. तू माझ्या शेजारी उभी राहू नकोस. त्यांच्यात, मागच्या बाकावर बस. तुलाही ते पान त्यांच्याइतकंच उशिरा कळतंय.

माझी बाजू मात्र घेऊ नकोस या वेळी.

न विचारता तुझा शब्द खर्च केलेली,
तुझी बारकी